चुन्यातला धातू, मिठागरातला द्रव

दहावीच्या विज्ञानात डोबेरायनरची त्रिके असतात. कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम हे एक त्रिक आणि क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे दुसरं. मधल्याचं अणुवस्तुमान कडेच्या दोघांच्या सरासरीच्या जवळ येतं, एवढं गणित करून मुलं पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पण हे सहा पदार्थ समोर मांडले, तर आकड्यांपेक्षा वेगळंच काही आधी डोळ्यांत भरतं. पहिल्या त्रिकातले तिघेही घट्ट धातू. दुसऱ्यात मात्र क्लोरीन हिरवट वायू, ब्रोमीन गडद लाल द्रव आणि आयोडीन काळसर चकचकीत स्फटिक. एकाच कुळातली भावंडं, एकाच खोलीत, तीन अवस्थांमध्ये.

कॅल्शियम आणि ब्रोमीन ही दोन मूलद्रव्यं 1808 ते 1826 या अठरा वर्षांत माणसाच्या हाती आली. दोन्ही शोधांत पदार्थाच्या अवस्थेनं शोधणाऱ्यांना दमवलं आणि एका मोठ्या माणसाला चक्क फसवलं. अवस्था अशी का, याचं उत्तर मिळायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं गेली.

सुरुवात चुन्यापासून करू. चुना माणसाला इतका जुना आहे की त्याला कुणी 'शोधला' असं म्हणवत नाही. चुनखडी किंवा समुद्रकाठचे शिंपले भट्टीत भाजायचे, निघालेल्या कळीच्या चुन्यावर पाणी घालायचं, तो फसफसून तापतो, विरतो, मग बांधकामाला लावायचा. आपल्या अनेक किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्याची गोल चर आणि तिच्यात फिरणारं दगडी चाक आजही बघायला मिळतं. त्या भट्टीत चुना लाल होई, पांढरा होई, पण वितळत मात्र नसे. लाकडाची किंवा कोळशाची कोणतीही भट्टी त्याला वितळवू शकत नव्हती, कारण कळीचा चुना वितळायला 2,500 अंश सेल्सिअसच्याही वर जावं लागतं. त्याची ही चिवट अवस्थाच रसायनशास्त्रज्ञांच्या आड आली. जो पदार्थ आगीला दाद देत नाही, त्याचे तुकडे करायचे कसे? फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएनं 1789 मध्ये मूलद्रव्यांची यादी छापली, तीत चुना मूलद्रव्य म्हणूनच घातला. अशा 'माती'वर्गीय पदार्थांत एखादा धातू ऑक्सिजनला धरून बसला असावा, असा संशय त्याला होता. पण सिद्ध करण्याचं साधन नव्हतं, आणि 1794 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीनं त्याचं डोकंच उडवलं.

साधन आलं ते 1800 मध्ये, व्होल्टाच्या विद्युतघटाच्या रूपानं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीनं 1807 च्या ऑक्टोबरात वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम काढलं, पाठोपाठ सोडियम काढलं, नोव्हेंबरात रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान दिलं आणि लगेच अंथरूण धरलं. आजार इतका गंभीर होता की तो वाचतो की नाही याची लंडनला काळजी लागली होती. बरा होऊन परतल्यावर त्यानं चुन्याला हात घातला.

पोटॅश मंद आगीवरही वितळतं, त्यामुळे त्यातून वीज सहज वाहिली. चुना वितळेना. डेव्हीनं तो किंचित ओला करून पाहिला, पोटॅशमध्ये मिसळून पाहिला, पोटॅशियमबरोबर तापवूनही पाहिला. तारेच्या टोकाशी धातूची एखादी झाक दिसे आणि हवा लागताच नाहीशी होई. तेवढ्यात स्टॉकहोमहून रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसचं पत्र आलं. त्यानं आणि पाँटिन नावाच्या वैद्यानं मिळून ऋण टोकाशी पारा ठेवला होता. चुन्यातून सुटलेला धातू तत्क्षणी पाऱ्यात विरघळून एकजीव होत होता आणि त्यामुळे काही काळ टिकत होता. युक्ती साधी, पण मर्मावर बोट ठेवणारी. मोकळा सुटलेला धातू हवेत क्षणभरही राहत नाही, तर त्याला लपायला जागा द्यायची. आणि नेहमीच्या तापमानाला द्रव असलेला धातू एकच, पारा.

डेव्हीनं ही कृती मोठ्या प्रमाणावर केली. ओलसर चुन्यात लाल मर्क्युरिक ऑक्साइड मिसळून त्याचा थर प्लॅटिनमच्या पत्र्यावर दिला, मध्ये खळगा करून त्यात पाऱ्याचा थेंब ठेवला आणि वीज सोडली. पारा घट्ट झाला. आता पारा उडवून लावला की मागे धातू उरायला हवा. त्यासाठी नॅप्थाच्या वाफेनं भरलेल्या काचेच्या नळीत तो तापवायचा. बेरियम, स्ट्रॉन्शियम यांची थोडीफार दर्शनं झाली. कॅल्शियमच्या वेळी नळी गरम असतानाच फुटली. हवा आत शिरली, आणि चांदीच्या रंगाचा, चांदीसारखीच झळाळी असलेला तो धातू तत्काळ पेटला, प्रखर पांढऱ्या उजेडात जळाला आणि त्याचा पुन्हा कळीचा चुना झाला. 30 जून 1808 रोजी डेव्हीनं रॉयल सोसायटीत हा वृत्तांत वाचला. कॅल्शियमच्या शोधाची हकिकत म्हणजे अशी एका फुटलेल्या नळीची हकिकत आहे. धातू दिसला आणि गेला. वजन, घनता, वितळबिंदू काही मोजता आलं नाही. तरीही तो स्थायू होता आणि धातू होता, याविषयी पाहणाऱ्याला शंका उरली नाही.

त्याच चुन्याचं न वितळणं 1820 च्या दशकात एका वेगळ्या कामाला आलं. चुन्याची कांडी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीत धरली की ती वितळत नाही, पांढऱ्याशुभ्र तेजानं प्रकाशते. थॉमस ड्रमंड या सर्वेक्षण अधिकाऱ्यानं 1825 मध्ये आयर्लंडच्या मोजणीत असा दिवा डोंगरमाथ्यावर लावला आणि तो साठ मैलांहून अधिक अंतरावरून दिसला. पुढे नाटकगृहांनी तो नट-नट्यांच्या तोंडावर पाडला. पण ही वाट आपली नव्हे.

आता मीठ. फ्रान्सच्या दक्षिणेला भूमध्य समुद्राकाठी माँपेलिए नावाचं गाव आहे, वैद्यकाच्या जुन्या विद्यापीठासाठी प्रसिद्ध. त्याच्या आसपास खाऱ्या पाण्याची तळी आणि मिठागरं. मिठागर म्हटल्यावर उरण-पेणकडच्या माणसाला वेगळं काही सांगायला नको: वाफ्यात समुद्राचं पाणी घ्यायचं, उन्हानं आटू द्यायचं, मीठ बसलं की ओढून घ्यायचं. मीठ उचलल्यावर वाफ्यात जे जड, कडू पाणी उरतं, त्याचं मिठागरवाल्याला काही कौतुक नसतं. माँपेलिएच्या औषधशास्त्र विद्यालयात प्रयोगांची मांडामांड करणाऱ्या आंतॉन-जेरोम बलार या तरुणाला मात्र त्या कडू पाण्याचा नाद लागला. त्याचा जन्म 1802 चा. घरची परिस्थिती बेताची होती.

बलार शोधत होता आयोडीन. ते 1811 मध्ये बर्नार्ड कूर्त्वा या सोरा बनवणाऱ्यानं समुद्री शेवाळाच्या राखेतून काढलं होतं, आणि भूमध्य समुद्रातल्या कोणकोणत्या वनस्पतींत, पाण्यांत ते सापडतं याची बलारला उत्सुकता होती. तपासणीची रीत ठरलेली: नमुन्यात स्टार्च घालायचं, वरून हलक्या हातानं क्लोरीनचं पाणी सोडायचं. आयोडीन असलं तर निळा रंग येतो. तो आलाच, पण निळ्या थराच्या वर, क्लोरीनचं पाणी जिथं होतं तिथं, एक गडद नारिंगी-पिवळा थर दिसला. मिठागराच्या कडू पाण्यात क्लोरीन सोडल्यावरही तोच रंग, आणि सोबत एक तिखट, नाकात चढणारा वास.

या रंगामागे तो लागला. ईथर घालून हलवलं की रंग पाण्यातून ईथरमध्ये उतरतो हे त्यानं पाहिलं. ईथरचा थर वेगळा काढून त्यात पोटॅश मिसळलं, तेव्हा रंग नाहीसा झाला आणि पांढरे स्फटिक मिळाले. त्या स्फटिकांत मँगनीज डायऑक्साइड आणि गंधकाम्ल घालून तापवल्यावर तांबड्या वाफा उठल्या आणि थंड होऊन एक गडद लाल, जवळजवळ काळा भासणारा द्रव थेंबाथेंबानं पडला. पाण्याखाली बुडून राहणारा, कारण तो पाण्याच्या तिपटीहून जड. कातडीला लागला तर खोल जखम करणारा.

हे काय असेल? पहिला तर्क बलारनंही सगळ्यांसारखाच केला: हे क्लोरीन आणि आयोडीन यांचं संयुग असावं. एक वायू, दुसरा स्थायू. मग दोघांच्या मिश्रणातून मधलं काहीतरी, म्हणजे द्रव, निघावं यात नवल काय? तर्क मोहात पाडणारा होता. शिवाय आयोडीन मोनोक्लोराइड नावाचं असं तांबडं-तपकिरी संयुग खरोखरच असतं, आणि तेही जरा उबेला द्रव होतं. पण बलार तिथं थांबला नाही. आयोडीन असेल तर स्टार्च निळं व्हायला हवं, ते होईना. विजेनं तुकडे पडायला हवेत, ते पडेनात. उलट क्लोरीन जिथं जिथं जी जी संयुगं करतं, तिथं तिथं हा द्रवही तशीच संयुगं करत होता. तेव्हा त्यानं ठरवलं की हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे. वय अवघं तेवीस, पॅरिसपासून दूरचं गाव, पदवीही मोठी नाही. लेख 1826 मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंच अकादमीनं व्होकलँ, थेनार आणि गे-ल्युसॅक अशी तिघांची समिती नेमली. समितीनं शोध मान्य केला, फक्त बलारनं सुचवलेलं 'म्युरीड' हे नाव बदलून दुर्गंधीवरून नवं नाव ठेवलं. वास एकदा घेतलेल्या माणसाला ते नाव पटायला वेळ लागत नाही.

त्याच सुमारास जर्मनीत आणखी दोघांच्या हातात हाच द्रव होता. कार्ल ल्योविग हा हायडेलबर्गला ग्मेलिनकडे शिकणारा मुलगा आपल्या क्रॉइत्सनाख या गावच्या खाऱ्या झऱ्याच्या पाण्यातून काढलेला लाल द्रव घेऊन 1825 मध्ये गुरूकडे आला. ग्मेलिन म्हणाला, आणखी बनव, नीट तपासू. बनवता बनवता परीक्षा आल्या, हिवाळा गेला, आणि बलारचा लेख छापून आला. दुसरा युस्टुस लीबिग, पुढे जर्मन रसायनशास्त्राचा महर्षी म्हणून गाजलेला. त्याच्याकडे एका मीठ-कारखान्यानं त्या द्रवाची बाटली तपासायला पाठवली होती. लीबिगनं घाईघाईत बघितलं आणि 'द्रव आयोडीन क्लोराइड' अशी चिठ्ठी चिकटवून बाटली फळीवर ठेवली. बलारची बातमी आल्यावर त्यानं ती बाटली खास कपाटात हलवली आणि त्या कपाटाला तो चुकांचं कपाट म्हणू लागला, असं सांगतात. बलारनं ब्रोमीन शोधलं नाही, ब्रोमीननंच बलारला शोधलं, असा टोमणाही लीबिगच्या नावावर आहे. तो खरा असेल तर लीबिगला शोभत नाही. बाटली दोघांकडेही होती. एकानं स्टार्चची परीक्षा घेतली, दुसऱ्यानं रंगरूप आणि अवस्था पाहून निकाल दिला.

तिघेही समवयस्क, ल्योविग आणि लीबिग 1803 चे. ल्योविगनं नशिबाला दोष देत वेळ घालवला नाही. ब्रोमीनवर सविस्तर पुस्तक लिहिलं आणि पुढे ब्रेस्लाऊला रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनच्या रिकाम्या झालेल्या जागेवर प्राध्यापक झाला. बुन्सेन तिथून गेला तो हायडेलबर्गला, आणि तिथं ऑगस्टस मॅथिसन या विद्यार्थ्याबरोबर 1855 मध्ये त्यानं वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमधून वीज सोडून कॅल्शियमच्या हाताळता येण्याजोग्या गोळ्या काढल्या. डेव्हीला जे काही क्षण दिसलं ते सत्तेचाळीस वर्षांनी मोजता येऊ लागलं: वितळबिंदू 842 अंश, शिशापेक्षा कितीतरी हलका, पाण्यात टाकला तर बुडबुडे काढत चुन्याची निवळी करणारा. चुना स्वतः वितळत नाही म्हणून त्याचं क्लोराइड घेतलं, ते तुलनेनं सुखासुखी वितळतं. इतक्या लहान बदलासाठी अर्धं शतक गेलं.

बलारकडे परत जाऊ, कारण त्याच्या लेखात अवस्थांचा एक सुरस तक्ता दडलेला आहे, त्यानं तसा तो मांडला नसला तरी. नवं मूलद्रव्य हाती आल्यावर त्यानं ते शक्य त्या सगळ्यांबरोबर जोडून पाहिलं. पोटॅशियम, सोडियम, अमोनिया, चांदी, पारा यांच्याशी: सगळी संयुगं स्थायू. हायड्रोजनशी: हवेत धूर सोडणारा वायू. आणि एथिलीन वायूनं भरलेल्या चंबूत ब्रोमीनचा थेंब टाकला, तर लाल रंग विरून एक रंगहीन, जड, गोडसर वासाचा तेलकट द्रव तयार झाला. म्हणजे एकाच मूलद्रव्याची संयुगं तिन्ही अवस्थांत. कॅल्शियमचं तसं नाही. चुनखडी, कळीचा चुना, विरलेला चुना, जिप्सम, फ्लोराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, हाडांतलं फॉस्फेट, यांतलं काहीही घ्या, नेहमीच्या तापमानाला स्थायूच. कॅल्शियमचा एकही वायू तुम्हाला कुणी दाखवणार नाही. अपवाद म्हणावा तर बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट. ते फक्त पाण्यात विरघळलेलंच राहतं, आणि पाणी उकळलं की भांड्याच्या बुडाशी चुनखडीची पुटं होऊन बसतं.

अवस्था ही पदार्थाची जात नसून परिस्थिती आहे, एवढं 1820 च्या दशकात कळू लागलं होतं. डेव्हीच्याच प्रयोगशाळेत मायकेल फॅरडे 1823 मध्ये क्लोरीनचे पाणीमिश्रित स्फटिक बंद नळीत तापवत होता. डॉक्टर पॅरिस नावाचे स्नेही डोकावले, नळीत तेलाचा थेंब बघून 'भांडी नीट धुवत नाही वाटतं' अशा अर्थाची थट्टा करून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना फॅरडेची चिठ्ठी आली: काल आपण पाहिलेलं तेल म्हणजे द्रवरूप क्लोरीन निघालं. दाब वाढवला की वायूचा द्रव होतो. ब्रोमीनही उणे 7 अंशांना गोठतं आणि 59 अंशांना उकळतं. मग 'खोलीचं तापमान' ही मोजपट्टी युरोपातल्या खोल्यांची. टिन टेट्राब्रोमाइड पुस्तकात स्थायू असतं, ते 31 अंशांना वितळतं. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात बाटलीत ते पातळच सापडायचं. सहा रेणू पाण्याचे धरून असलेलं कॅल्शियम ब्रोमाइड 38 अंशांच्या आसपास आपल्याच पाण्यात विरघळू लागतं. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याची 'अवस्था' काय लिहायची, हे परीक्षकानंच ठरवावं.

डोबेरायनरनं त्रिकांचा निबंध 1829 मध्ये छापला. हा येना विद्यापीठातला प्राध्यापक, महाकवी गटेचा रसायनातला सल्लागार. क्लोरीनचं 35.5 आणि आयोडीनचं 127, त्यांची सरासरी 81, ब्रोमीनचं 80. कॅल्शियम 40, बेरियम 137, सरासरी 88.5, स्ट्रॉन्शियम 87.6. आकडे जुळले, पण कॅल्शियमच्या संयुगांची जिद्द आणि ब्रोमीनच्या संयुगांची बहुरूपं कशामुळे, हे आकड्यांतून कळेना. रेणूला सर्वत्र एकच धोरण लावलं जाई: कॅल्शियमचा एक अणू, ब्रोमीनचे दोन, असा तिघांचा एक रेणू, आणि अशा रेणूंची रास म्हणजे कॅल्शियम ब्रोमाइड. मग हायड्रोजन ब्रोमाइडचा रेणू वायूत मोकळा फिरतो आणि कॅल्शियम ब्रोमाइडचा 730 अंशांपर्यंत हलत नाही, याला उत्तर नव्हतं. फॅरडेनं 1830 च्या दशकात विरघळलेल्या क्षारांतून वीज वाहून नेणाऱ्या कणांना आयन म्हटलं, 1884 मध्ये अर्‍हेनियसनं ते पाण्यात आपोआप सुटे होतात असं मांडलं. तरी घट्ट स्फटिकात काय असतं, ते अंधारातच होतं.

अंधार क्ष-किरणांनी फाडला. विल्यम हेन्री आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पिता-पुत्रांनी 1913-14 मध्ये मिठाचा, फ्लोरस्पारचा, कॅल्साइटचा स्फटिक आतून कसा आहे ते दाखवलं. फ्लोरस्पार आणि कॅल्साइट ही दोन्ही कॅल्शियमची खनिजं. मिठात सोडियम-क्लोरीनची जोडी कुठेच सापडेना. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, अशी न संपणारी मांडणी. फुगडीत दोघींनी एकमेकींचे हात धरलेले असतात, तसं इथं कुणी कुणाचं नसतं. कॅल्शियम ब्रोमाइडच्या स्फटिकातही कॅल्शियमभोवती सहा ब्रोमीन असतात, आणि प्रत्येक ब्रोमीन तीन कॅल्शियमच्या वाट्याला येतो. दोन धन भार असलेला कॅल्शियम आयन चहूबाजूंनी ऋण भारांना खेचून धरतो. एक थर सुटा करायचा म्हणजे सगळ्यांशी भांडायचं. म्हणून तो घट्ट. हायड्रोजन किंवा कार्बनशी ब्रोमीन जोडलं जातं तेव्हा दोन-चार अणूंचा रेणू आपल्यापुरता पुरा असतो, शेजारच्या रेणूशी त्याची ओढ कमकुवत, थोड्या उबेनं तुटणारी. म्हणून वायू किंवा द्रव. अवस्थेचा निकाल मूलद्रव्य एकटं देत नाही, ते कुणाशी आणि कसं जोडलं गेलं यावर तो ठरतो.

ही गोष्ट सहज पचली नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या वृद्ध रसायनशास्त्रज्ञानं 1927 मध्ये 'नेचर' साप्ताहिकात पत्र लिहून बिचाऱ्या मिठाची बाजू घेतली. मिठात सोडियम क्लोराइडचा रेणूच नाही हे त्याला सामान्य बुद्धीचा अपमान वाटत होतं. वय एकोणऐंशीच्या घरात. चौदा वर्षांपूर्वी लागलेल्या शोधावर त्यानं इतक्या त्वेषानं लिहावं, यात मला तरी थोडं कौतुकच वाटतं. हार मानायची नाही, हा स्वभाव विज्ञानालाही कधीकधी लागतो. मात्र या वेळी तो साफ चुकीच्या बाजूनं उभा होता.

दरम्यान ब्रोमीनची संयुगं आपापल्या अवस्थांसह बाजारात उतरली होती. सिल्व्हर ब्रोमाइड हे फिकट पिवळं, प्रकाश पडला की बिघडणारं स्थायू. रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनं 1871 मध्ये ते जिलेटिनमध्ये घोळवून काचेवर पसरलं आणि छायाचित्रण ओल्या काचांच्या कटकटीतून सुटलं. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये पडद्यावर आणलेला 'राजा हरिश्चंद्र' अशाच सिल्व्हर ब्रोमाइडच्या थरावर उमटला. ती फिल्म अंधारात हाताळण्याचं, धुण्याचं काम सरस्वतीबाई करत. पोटॅशियम ब्रोमाइडची पांढरी भुकटी 1857 पासून अपस्माराच्या रोग्यांना दिली जाई, आणि फार दिली की रोगी गुंगीतच राहत. मिशिगनच्या हर्बर्ट डाऊनं जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून विजेच्या साहाय्यानं ब्रोमीन काढायला सुरुवात केली, तेव्हा जर्मन कंपन्यांच्या मक्तेदारीनं त्याला बुडवण्यासाठी अमेरिकेत पडत्या भावानं माल ओतला. डाऊनं दलालांकरवी तोच स्वस्त माल गुपचूप विकत घेऊन युरोपात विकला, अशी त्याच्या कंपनीत सांगितली जाणारी कथा आहे. व्यापारी मंडळींना ती नक्की आवडेल.

सर्वांत लांब हात पोचला तो बलारच्या तेलकट द्रवाचा. थॉमस मिजलीनं 1921 मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घालून इंजिनाचा ठोका थांबवला. पण शिसं इंजिनात साचू लागलं. त्यावर उपाय म्हणून त्यात एथिलीन डायब्रोमाइड मिसळलं गेलं, म्हणजे 1826 मध्ये माँपेलिएच्या चंबूत तयार झालेला तोच द्रव. जळताना शिशाचं ब्रोमाइड व्हायचं, ते नेहमीच्या तापमानाला स्थायू असलं तरी इंजिनाच्या उष्णतेत वाफ होऊन धुराड्यातून बाहेर पडायचं आणि रस्त्यावरच्या हवेत पुन्हा स्थायू कण बनायचं. इंजिन स्वच्छ राहिलं, शिसं माणसांच्या फुप्फुसात गेलं. मागणी इतकी वाढली की 1934 पासून अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिनात थेट समुद्राच्या पाण्यातून ब्रोमीन काढायला लागले. एक टन समुद्रजलात ते जेमतेम 65 ग्रॅम असतं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं. धान्याच्या गोदामांत वापरला जाणारा मिथाइल ब्रोमाइड हा वायू ओझोनला भोवतो म्हणून माँट्रिऑल करारानं आवळला, निर्यातीच्या मालाची कीड मारण्यापुरती मुभा ठेवून. आपल्याकडे ब्रोमीन येतं ते गुजरातच्या मिठागरांतून आणि रणातल्या खाऱ्या पाण्यातून, म्हणजे बलारच्याच कडू पाण्यातून.

बलार पुढे पॅरिसला गेला, प्राध्यापक झाला, आणि 1846 मध्ये एका होतकरू तरुणाला दूरच्या शाळेत मास्तर म्हणून पाठवायचा हुकूम आला असता त्यानं तो अडवून त्याला आपल्या प्रयोगशाळेत ठेवून घेतलं. तो तरुण लुई पाश्चर. या एका कामासाठी बलारचे काही गुन्हे माफ करायला हरकत नाही, ते असले तर. 1876 मध्ये तो गेला.

आता ज्या दोन पदार्थांची ही हकिकत सांगितली, त्यांच्या जोडीचं काय? कॅल्शियम ब्रोमाइड पुस्तकात पांढरं, 730 अंशांना वितळणारं स्थायू म्हणून येतं, आणि ते खरंच आहे. पण ते हवेतली ओल इतक्या हावरेपणानं ओढून घेतं की उघड्या बशीत ठेवलं तर आपोआप पाणी सुटतं, आणि 20 अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे 1.4 किलो विरघळतं. या विरघळण्याच्या क्षमतेवरच त्याचा धंदा चालतो. तेलाच्या विहिरीत आतला दाब दाबून धरायला जड द्रव लागतो. चिखलाचा द्रव वापरला तर त्यातले कण खडकाची छिद्रं बुजवतात. कॅल्शियम ब्रोमाइडचं द्रावण पाण्याच्या सुमारे 1.7 पट जड, तरीही काचेसारखं स्वच्छ असतं. कोळशावरच्या वीज केंद्रांत धुरातला पारा पकडण्यासाठी ते कोळशावर फवारतात. त्यातलं ब्रोमीन पाऱ्याला अशा रूपात नेतं, की धूर धुणाऱ्या यंत्रणेत तो अडकतो. त्यासाठी ते पोत्यात भरून क्वचितच येतं. कारखान्यातून साधारण 52 टक्क्यांचं द्रावण टँकरनं निघतं. पाठ्यपुस्तकात स्थायू असलेलं हे संयुग बाजारात बहुतेक वेळा द्रव म्हणूनच विकलं जातं.